आपणहून सांगितलं तर...

दर वर्षी एकदा आमच्या ऑफिसात सगळ्यांना एक ऑनलाइन ट्रेनिंग करावं लागतं. लाचलुचपत, भेटवस्तू, सरकारी अधिकाऱ्यांशी कसं वागावं वगैरे वगैरे. पस्तीस-चाळीस स्लाइड्स असतात. आवाज बंद करून दुसऱ्या खिडकीत चालू ठेवायच्या आणि शेवटी दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यात एक प्रश्न हमखास असतो: तुमच्या सहकाऱ्याने परवान्यासाठी कोणाला तरी पैसे चारले असं तुमच्या लक्षात आलं, तर काय कराल? चार पर्याय. बरोबर उत्तर नेहमी तेच, कंप्लायन्स टीमला कळवा. टिचकी मारली की हिरवी खूण, सर्टिफिकेट डाउनलोड करा, संपलं.

ह्या वेळी मात्र एक गोष्ट डोक्यात राहिली. समजा मी कळवलं. कंप्लायन्सवाल्यांनी वर कळवलं, त्यांनी संचालक मंडळाला कळवलं. मग मंडळाने काय करायचं? गुपचूप त्या माणसाला काढायचं, हिशेब नीट करून घ्यायचा आणि गप्प बसायचं? की सरकारी वकिलाच्या दारात जाऊन 'साहेब, आमच्याकडून असं असं झालंय' म्हणून सांगायचं? स्लाइड्समध्ये ह्याबद्दल अवाक्षर नसतं. म्हणून मग दोन-तीन शनिवार-रविवार ह्यावर वाचण्यात घालवले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. जरा लांबण आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याकडे 'माफीचा साक्षीदार' हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. टोळीतला एक जण फुटतो, कोर्टात बाकीच्यांविरुद्ध बोलतो आणि सुटतो. कंपनीने आपणहून गुन्हा कबूल करायचा म्हणजे थोडंफार हेच. पण इथे एक गंमत आहे. कंपनी हा काही माणूस नाही. तिला तुरुंगात टाकता येत नाही. तिच्या साथीदारांची नावं म्हणजे तिच्याच पगारपत्रकावरची नावं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ह्या प्रकाराचं एक मोठं पर्व अमेरिकेत वॉटरगेटच्या काळात सुरू झालं. कंपनीच्या पैशातून निवडणुकीला देणगी देणं तिथे १९०७ पासून बेकायदा आहे. तरीही १९७२ च्या निवडणुकीसाठी निक्सनची माणसं बड्या कंपन्यांकडे थेट आकडे सांगून पैसे मागत होती. अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष जॉर्ज स्पेटर ह्यांच्याकडे निक्सनचे खाजगी वकील हर्बर्ट कामबाक आले आणि एक लाख डॉलरचा आकडा बोलले. आता हे कामबाक कोण? तर अमेरिकनची कट्टर स्पर्धक युनायटेड एअरलाइन्स, तिचेही वकील! आणि त्याच वेळी अमेरिकन एअरलाइन्सचा दुसऱ्या एका विमान कंपनीबरोबरच्या विलीनीकरणाचा अर्ज सरकारकडे पडून होता. म्हणजे मागणारा नुसता हसला तरी देणाऱ्याला घाम फुटेल अशी परिस्थिती. स्पेटरनी ७५ हजार दिले. त्यातले ५५ हजार कंपनीच्या तिजोरीतले. ते बाहेर काढायला एका लेबनीज एजंटाच्या नावाने, कमिशनचं खोटं बिल तयार करण्यात आलं.

जुलै १९७३ मध्ये स्पेटरनी हे आपणहून विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स ह्यांना सांगून टाकलं. कॉक्सनी जाहीर केलं की जे लवकर आणि स्वतःहून पुढे येतील त्यांच्याबाबतीत ही गोष्ट सौम्य धरली जाईल. झालं, रांग लागली. गुडइयर, थ्रीएम, ॲशलँड ऑइल, गल्फ ऑइल, ब्रॅनिफ एअरवेज... एकेक करून सगळे आले. अमेरिकन एअरलाइन्सला दंड किती झाला? पाच हजार डॉलर. स्पेटरवर खटला झाला नाही, पण त्याच सप्टेंबरात त्यांची खुर्ची मात्र गेली. (पुढे हे गृहस्थ इंग्लंडात जाऊन पुस्तकं लिहू लागले. व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ ह्यांच्या संसारावरचं एक पुस्तक त्यांनी दुसऱ्या एकाबरोबर लिहिलंय. विमान कंपनीच्या अध्यक्षाचा असा शेवट मला तरी भलताच आवडला.)

सुनावण्या टीव्हीवर चालू होत्या आणि त्या बघणाऱ्यांत स्टॅन्ले स्पॉर्किन नावाचा एक अधिकारी होता. हा एसईसीत, म्हणजे आपल्याकडच्या सेबीसारख्या तिथल्या संस्थेत काम करायचा. बाकी देश राष्ट्राध्यक्ष सापडतो का ते बघत होता आणि ह्याला प्रश्न पडला भलताच. हे पैसे कंपनीने हिशेबात दाखवले कसे? 'लाच' नावाचं खातं तर कोणी उघडत नाही. म्हणजे कुठेतरी खोटी नोंद आहे, आणि खोटी नोंद आहे म्हणजे भागधारकांना फसवलंय! लाच कोणाला दिली हे शोधणं अवघड, पण हिशेबाची वही खोटी आहे हे दाखवणं त्या मानाने सोपं. डीबगिंग करणाऱ्या कोणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल. बग सापडत नसेल तर लॉग बघा.

स्पॉर्किनकडे माणसं मोजकी आणि कंपन्या हजारो. म्हणून मग एसईसीने योजना काढली. कंपनीने स्वतंत्र संचालकांकडून आपली चौकशी आपणच करून घ्यायची, जे सापडेल ते जाहीर करायचं, पुन्हा करणार नाही असं ठरवायचं. मोबदल्यात लेखी हमी काही नाही, पण बहुतेक वेळा एसईसी पुढे जाणार नाही असा अलिखित समज. चारशेहून जास्त कंपन्यांनी मिळून तीस कोटी डॉलरहून जास्त 'संशयास्पद' रकमा कबूल केल्या. ह्याच कबुल्यांच्या जोरावर डिसेंबर १९७७ मध्ये जिमी कार्टरनी परदेशी लाचखोरीविरुद्धच्या कायद्यावर सही केली. तोच तो एफसीपीए. आमच्या ट्रेनिंगच्या दुसऱ्याच स्लाइडवर तो असतो.

इतिहासाच्या पुस्तकात हे मोठं यश म्हणून येतं, आणि ते आहेच. पण मला दुसरी एक गोष्ट टोचली. आपणहून आलेल्या ह्या कंपन्यांपैकी बऱ्याच जणींनी पैसे कोणाला दिले, कुठल्या देशात दिले हे जाहीर केलंच नाही. एसईसीनेही ते चालवून घेतलं. 'एका परदेशी अधिकाऱ्याला अमुक रक्कम दिली गेली', बस्स. ह्याउलट लॉकहीड बघा. लॉकहीड काही हौसेने आली नव्हती. सिनेटच्या समितीने फरफटत आणली. फेब्रुवारी १९७६ मध्ये तिच्या बड्या अधिकाऱ्याने साक्ष दिली, आणि त्याच जुलैमध्ये जपानचे माजी पंतप्रधान काकुएइ तानाका अटकेत! पन्नास कोटी येन घेतल्याबद्दल १९८३ मध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. नेदरलँड्सच्या राणीचे पती प्रिन्स बर्नहार्ड ह्यांनाही लष्करातली पदं सोडावी लागली. म्हणजे जिथे कंपनी आपणहून बोलली तिथे पैसे घेणारा बऱ्याचदा झाकला गेला, आणि जिथे तिला बोलतं करावं लागलं तिथे एक पंतप्रधान आत गेला. नियम म्हणून नाही सांगत, पण आपणहून सांगणारा माणूस काय सांगायचं हेही स्वतःच ठरवतो, एवढं ह्यातून दिसतं.

मधली पंचवीसेक वर्षं मी भरभर ओलांडतो. फक्त एक थांबा घेतो, कारण तिथे गणित फार सुरेख आहे.

दोन-तीन कंपन्या मिळून गुपचूप भाव ठरवतात, त्याला कार्टेल म्हणतात. ह्यात फुटणाऱ्याला माफी द्यायची योजना अमेरिकेत १९७८ पासून होती, पण वर्षाला जेमतेम एखादा अर्ज यायचा. कारण माफी द्यायची की नाही हे सरकारी वकिलाच्या मर्जीवर. १९९३ मध्ये नियम बदलला. चौकशी सुरू व्हायच्या आत जो पहिला येईल त्याला पूर्ण माफी, आपोआप. दुसऱ्याला नाही. आणि अर्जांचा पूर आला! इंजिनिअरिंगला असताना कैद्यांचा पेच वाचला असेल तर कारण सांगायला नको. व्हिटॅमिनच्या जागतिक कार्टेलमध्ये रोन-पूलांक ही फ्रेंच कंपनी पहिली फुटली आणि तिला दंड शून्य. मे १९९९ मध्ये रोशला ५० कोटी डॉलर आणि बीएएसएफला साडेबावीस कोटी. वर रोशच्या एका माजी अधिकाऱ्याला चार महिने तुरुंग.

आपल्याकडेही हे आलंय बरं का. टॉर्चमधले सेल आठवतात? एव्हरेडी, निप्पो, पॅनासोनिक. ह्या तिघांनी मिळून भाव ठरवले होते. पॅनासोनिकने आधी जाऊन स्पर्धा आयोगाला सांगितलं. एव्हरेडी आणि निप्पो आल्या त्या धाडी पडल्यावर. एप्रिल २०१८ चा निकाल: पॅनासोनिकचा जवळजवळ ७५ कोटींचा दंड पूर्ण माफ, एव्हरेडीला ३० टक्के सवलत देऊन वर १७१ कोटी, निप्पोला २० टक्के सवलत आणि ४२ कोटी. एकाच गुन्ह्यातल्या तीन कंपन्या, आणि फरक फक्त दारात कोण कधी पोचलं ह्याचा.

पण लाचेत असं होत नाही. कार्टेलमध्ये समोर स्पर्धक असतो आणि तो कधीही फुटेल ह्या भीतीने झोप उडते. लाचेत समोर असतो घेणारा, आणि तो कशाला फुटेल? दोघांचंही गप्प बसण्यातच हित. म्हणून लाचेच्या प्रकरणात कंपनीने बोलावं असं वाटत असेल तर सरकारला आमिषही मोठं लागतं आणि धाकही.

धाकाची गंमत २००२ मध्ये कळली. एन्रॉनची कागदपत्रं फाडल्याबद्दल आर्थर अँडरसन ह्या ऑडिट कंपनीवर खटला झाला, ती दोषी ठरली आणि बुडाली. जगभरात ८५ हजार माणसं काम करत होती तिथे. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, पण तोवर वाचवायला उरलं होतं काय? त्यानंतर अमेरिकन सरकारी वकील कंपनीवर थेट खटला भरायला कचरू लागले आणि दंड, अटी, तडजोड असा मार्ग रूढ झाला. सीमेन्सचं उदाहरण सगळीकडे देतात. ती आपणहून आली नव्हती, नोव्हेंबर २००६ मध्ये म्युनिकला धाड पडली तेव्हा कुठे सहकार्य सुरू झालं. २००८ मध्ये जर्मनी आणि अमेरिका मिळून १६० कोटी डॉलर भरले. मग २०१६ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने एक प्रयोग सुरू केला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तो कायम धोरणात आणला. आपणहून या, सगळं सांगा, फायदा परत करा, सुधारणा करा, मग खटला न भरण्याकडेच आमचा कल राहील.

आणि ह्या नव्या धोरणात जी प्रकरणं गाजली त्यातलं एक थेट आपल्या गल्लीतलं निघालं. कॉग्निझंट.

चेन्नईत कॉग्निझंटचा २७ लाख चौरस फुटांचा कॅम्पस बांधला जात होता. एसईसीच्या म्हणण्यानुसार २०१४ मध्ये तमिळनाडूतल्या एका वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याने बांधकाम परवान्यासाठी २० लाख डॉलर मागितले. बांधकाम कंत्राटदाराने ते द्यायचे आणि कॉग्निझंटने नंतर त्याची भरपाई करायची असं ठरलं. शिवाय आणखी दोन लाचांचा उल्लेख एसईसीच्या आदेशात आहे, मिळून सोळा लाख डॉलरच्या वर. त्यातली एक पुण्याची. पर्यावरण मंजुरीसाठी सात लाख सत्तर हजार डॉलर.

आता भरपाई कशी केली ते ऐका. कंत्राटदाराच्या चेंज ऑर्डर्समध्ये! म्हणजे बांधकाम चालू असताना 'हे बदललं, ते वाढलं, त्याचे इतके जादा' अशी जी यादी असते, तिच्यात खोट्या आणि फुगवलेल्या नोंदी घालून. मी आठवड्यातून चार चेंज रिक्वेस्ट टाकतो. तुम्हीही टाकत असाल. त्यामुळे हे वाचताना त्या २० लाखांपेक्षा मला ती एक्सेल शीटच डोळ्यासमोर आली. कोणीतरी बसून त्या ओळी भरल्या असणार. कुठला आयटम फुगवला तर संशय येणार नाही, किती फुगवायचा, बेरीज जुळते का. १९७२ मधलं कमिशनचं खोटं बिल आणि २०१४ मधल्या ह्या चेंज ऑर्डर्स, मध्ये बेचाळीस वर्षं गेली आणि तंत्र तसूभर बदललं नाही. आणि दोन्ही वेळेला ज्याच्या हातून नोंद होते तो निर्णय घेणाऱ्यांतला नसतो.

संचालक मंडळाला हे कळल्यावर दोन आठवड्यांच्या आत कॉग्निझंटने अमेरिकन न्याय खात्याला कळवलं. ३० सप्टेंबर २०१६ ला जाहीर निवेदन आलं, कंपनीच्या अध्यक्षांचा राजीनामाही त्याच वेळी. शेअर एका दिवसात १३ टक्क्यांच्या आसपास पडला. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्याय खात्याने सांगितलं की कंपनीवर खटला नाही. वाचवलेल्या खर्चापोटी एक कोटी ९० लाख डॉलर परत करायचे, आणि एसईसीचा ६० लाख दंड धरून एकूण अडीच कोटी. गुन्ह्यात वरचे लोक गुंतलेले असूनही खटला का नाही, ह्याची कारणं त्या पत्रात आहेत. त्यातलं एक म्हणजे कंपनीने वेळेत सांगितल्यामुळे जबाबदार व्यक्तींपर्यंत पोचता आलं. त्याच दिवसांत माजी अध्यक्ष आणि माजी मुख्य कायदा अधिकारी ह्यांच्यावर आरोपपत्र. दोघांनीही आरोप नाकारले.

माझा एक मित्र लॉ करून एका कंपनीत लीगलमध्ये आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "अरे, तू आकडे बघ ना. सांगायचं की नाही हा हिशेबाचा प्रश्न आहे." बघितले. २०१६ मध्ये कॉग्निझंटचं वर्षाचं उत्पन्न जवळजवळ १३५० कोटी डॉलर होतं. म्हणजे तासाला पंधरा लाखांच्या आसपास. अडीच कोटी म्हणजे साधारण सोळा-सतरा तासांची उलाढाल. शुक्रवारी संध्याकाळी बसलात तर शनिवारी सकाळी फिटले! पण मित्र म्हणाला, "थांब, पुढचं बघ." भागधारकांनी दावा लावला होता, तो २०२१ मध्ये साडेनऊ कोटी डॉलरला मिटला. सरकारपेक्षा जवळजवळ चौपट. वकिलांचा खर्च वेगळाच. वर जानेवारी २०२२ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायाधीशांनी सांगितलं की अंतर्गत चौकशीत कोण काय म्हणालं ह्याचा तपशील कंपनीने सरकारला दिलाय, तेव्हा त्यावरची वकील-अशील गोपनीयता गेली. आरोपींना ती कागदपत्रं मागता येतील. म्हणजे एकदा तोंड उघडलं की अर्धं उघडता येत नाही.

मित्राचं म्हणणं सरळ होतं. सापडण्याची शक्यता गुणिले सापडल्यावरचा खर्च, आणि तो न सांगताच सापडलो तर. दुसऱ्या बाजूला आत्ताचा नक्की खर्च. पहिला आकडा मोठा असेल तर सांगा, नाहीतर गप्प बसा. "संचालकांचं काम भागधारकांचे पैसे सांभाळणं आहे, पापक्षालन नाही."

मला हे पटत नाही. पण 'नीतीने वागावं' असं म्हणून सोडून देण्याइतकं ते फुटकळही नाही, कारण बहुतेक कंपन्या असाच विचार करत असणार. माझा आक्षेप त्याच्या गणितातच आहे. तो गप्प बसण्याचा खर्च शून्य धरतो. गप्प बसायला माणसं लागतात. ज्याने शीट भरली त्याला गप्प ठेवायचं, ज्या ऑडिटरने विचारलं त्याला खोटं उत्तर द्यायचं, पुढच्या वर्षी त्याच कंत्राटदाराने जादा मागितले तर नाही कसं म्हणणार? प्रत्येक तिमाहीला 'आमचे हिशेब खरे आहेत' ह्यावर नवी सही. सत्यमचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी संचालकांना, सेबीला आणि शेअर बाजारांना पत्र लिहून सात हजार कोटींच्या वरचा गोलमाल कबूल केला. तीही 'आपणहून' कबुलीच म्हणायची! पण तोवर थोडासा फरक वाढत वाढत इतका झाला होता की वाघावरून उतरायची सोयच नव्हती, असं त्यांनीच त्यात म्हटलंय. २०१५ मध्ये ते दोषी ठरले. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर ती बातमी आतल्या पानावर आली असती.

म्हणून माझं मत, कंपनीने सांगावं, आणि लवकर सांगावं. पण इथेच सुरुवातीचा तो माफीच्या साक्षीदाराचा मुद्दा येतो. कंपनी सुटते ती कोणाची तरी नावं देऊन. हा सौदा योग्य आहे असं मी तेव्हाच म्हणेन जेव्हा ती नावं वरची असतील आणि त्या नावांचा निवाडा खरोखर कोर्टात होईल. दोषी तर दोषी, निर्दोष तर निर्दोष. नाहीतर अर्थ काय? पैसे भागधारकांचे गेले, आणि खरं काय घडलं ते कोणालाच कळलं नाही.

कॉग्निझंटच्या बाबतीत नेमकं हेच झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांनी एफसीपीएची अंमलबजावणी थांबवून फेरविचार करायचा आदेश काढला. एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला, खटला उभा राहायच्या तोंडावर, सरकारनेच तो मागे घ्यायचा अर्ज केला आणि न्यायाधीशांनी तो मंजूर केला. आरोपपत्राला सहा वर्षं झाली होती. त्या दोघांच्या बाजूनेही बघा. आपण निर्दोष आहोत हे ज्यूरीकडून वदवून घ्यायची संधी त्यांनाही मिळाली नाही. त्याआधी आणखी एका माजी वरिष्ठ अधिकाऱ्याने ५० हजार डॉलर दंड भरून एसईसीशी मिटवलं होतं. आणि पैसे मागणारा? अमेरिकन कागदांत तो शेवटपर्यंत 'तमिळनाडूतला एक वरिष्ठ सरकारी अधिकारी' एवढाच आहे. एफसीपीए फक्त देणाऱ्याला धरतो. घेणाऱ्यासाठी अमेरिकेने वेगळा कायदा केला तो थेट डिसेंबर २०२३ मध्ये.

ह्याच्या पुढची गंमत म्हणजे खटला मागे घेतल्यावर सव्वा महिन्याने, मे २०२५ मध्ये, न्याय खात्याने आपणहून सांगण्याचं आमिष आणखी गोड केलं. आता अटी पूर्ण केल्या तर नुसता 'कल' नाही, खटला भरणारच नाही. जूनमध्ये एफसीपीएची अंमलबजावणी पुन्हा सुरू झाली, पण मर्यादित प्रकरणांपुरती. म्हणजे एका हाताने गाजर मोठं केलं आणि दुसऱ्या हाताने छडी लहान. माझ्या मित्राच्या गणितात 'सापडण्याची शक्यता' हा आकडाच खाली आला, मग गाजर कितीही मोठं असलं तरी कोण कशाला जाईल? १९७३ मध्ये कंपन्या रांगेत उभ्या राहिल्या कारण कॉक्स आणि सिनेटची समिती दोघंही दारात उभे होते.

आता आपल्याकडचं. भारतात लाच देणाऱ्याला पूर्वी एक संरक्षण होतं, की मी लाच दिली असं त्याने सांगितलं तर त्या जबाबावरून त्याच्यावर खटला होत नसे. २०१८ च्या दुरुस्तीने ते गेलं. २६ जुलै २०१८ पासून लाच देणं हा सरळ गुन्हा आणि कंपनीसुद्धा आरोपी होऊ शकते. एक पळवाट आहे. तुम्हाला लाच द्यायला भाग पाडलं गेलं असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवा.

सात दिवस! ज्या माणसाच्या समोर टेबलापलीकडून कोणीतरी फाइल अडवून बसलाय, त्याच्यासाठी ही मुदत एकवेळ ठीक आहे. पण कंपनीला ही गोष्ट कळते कधी? कंत्राटदाराने पैसे दिले, चेंज ऑर्डरमध्ये ते मुरले, दोन वर्षांनी ऑडिटमध्ये कोणाला तरी एक ओळ खटकली. चेन्नईतली लाच २०१४ ची आणि अमेरिकेत कबुली २०१६ ची, हे विसरू नका. अशा वेळी भारतीय कंपनीचं संचालक मंडळ आपल्याकडच्या सरकारी वकिलाकडे गेलं तर त्याला द्यायला त्या वकिलाकडे काय आहे? कार्टेलसाठी आहे तशी सवलत लाचेसाठी नाही. अमेरिकेत आहे तशी दंड आणि अटींवर खटला थांबवायची सोयही नाही. म्हणजे सेलच्या भावात दहा पैशांची लबाडी केली तर पहिल्या फुटणाऱ्याला पूर्ण माफी, आणि परवान्यासाठी कोटी दिले व नंतर लाज वाटली तर सात दिवस केव्हाच उलटून गेलेले.

मित्राला विचारलं, समजा तुझ्याच कंपनीत उद्या अशी एक शीट सापडली तर? तो म्हणाला, "अमेरिकेत लिस्टेड असू तर तिकडे आधी कळवीन. इकडे बाहेरचा वकील लावीन आणि तो बहुतेक सांगेल की थांबा." मी म्हटलं, आणि ज्याने ती शीट भरली त्याचं? त्यावर तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याला पहिल्या दिवशीच स्वतःचा वकील घ्यायला सांगायला पाहिजे. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. पण हे त्याला कोणी सांगत नाही रे."